दोन प्रादेशिक विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ: प्रत्येक ठिकाणी वेगळा आकडा का दिसतो?

प्रश्न थोडक्यात असा. दोन प्रादेशिक विमानतळ आहेत. पहिला ४५ अंश उत्तर अक्षांश आणि १० अंश पूर्व रेखांशावर, दुसरा ४८ अंश उत्तर आणि १४ अंश पूर्वेवर. त्यांच्यातलं अंतर शोधलं की कुठे ४५३ आकडा येतो, कुठे २८१, तर कुठे २४४. उड्डाणाचा वेळ एका ठिकाणी ३४ मिनिटं, दुसऱ्या ठिकाणी ५३ मिनिटं, आणि विमान कंपनीच्या वेळापत्रकात चक्क १ तास २० मिनिटं. शिवाय जाताना आणि येताना लागणारा वेळही सारखा नाही. यातलं खरं काय मानायचं, आणि पुढचं विमान पकडायचं असेल तर कशाच्या भरवशावर तिकीट काढायचं?

उड्डाणांचं नियोजन हे माझं रोजचं काम आहे. मार्ग ठरवणं, वारा पाहणं, इंधन काढणं आणि विमान पोहोचल्यावर आपला अंदाज प्रत्यक्षाशी ताडून पाहणं, यातच दिवस जातो. त्या अनुभवावरून आधी उत्तर देतो, मग कारणं. अंतराचे तिन्ही आकडे बरोबर आहेत. वेळांपैकी ३४ मिनिटं विसरून जा, ५३ मिनिटं हा फक्त भागाकार आहे, आणि प्रवाशाच्या कामाचा आकडा एकच: १ तास २० मिनिटं.

अंतराचं कोडं सोपं आहे. ४५३ किलोमीटर, २८१ मैल आणि २४४ सागरी मैल हे एकच अंतर आहे. जमिनीवरचा मैल १६०९ मीटरचा, सागरी मैल १८५२ मीटरचा. विमानवाहतुकीत सगळा हिशोब सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत चालतो. त्यामुळे नुसतं ‘मैल’ लिहिलेलं दिसलं की कुठला मैल ते आधी पाहावं. दोन्हींत १५ टक्क्यांचा फरक आहे आणि तोच फरक पुढे वेळेच्या अंदाजात जसाच्या तसा उतरतो.

हे अंतर तुम्ही स्वतःही काढू शकता. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे ६० सागरी मैल. इथे अक्षांशांत ३ अंशांचा फरक आहे, म्हणजे उत्तर-दक्षिण १८० सागरी मैल. रेखांशांतला फरक ४ अंशांचा, पण रेखांश ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येत जातात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या, म्हणजे ४६.५ अंशांच्या कोसाइनने गुणायचं. तो येतो ०.६८८. चार गुणिले ०.६८८ गुणिले ६०, म्हणजे पूर्व-पश्चिम साधारण १६५ सागरी मैल. आता पायथागोरस: १८० आणि १६५ या बाजूंचा कर्ण २४४. काही हजार किलोमीटरच्या प्रवासाला ही युक्ती चालणार नाही, तिथे ग्रेट सर्कल अंतर, म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरून सर्वांत जवळचं अंतरच काढावं लागतं. प्रादेशिक टप्प्यांना मात्र ती पुरते. याच जोडीचं अंतर मी पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६३७१ किलोमीटर धरून ग्रेट सर्कलच्या सूत्रानेही काढलं, तर ४५२.७ किलोमीटर आलं.

कधीकधी दोन ठिकाणी एक-दोन किलोमीटरचा फरक दिसतो. त्याचं कारण पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावरची त्रिज्या ६३७८ किलोमीटर आहे, ध्रुवाकडची ६३५७. कुणी गोल धरून मोजतं, तर कुणी १९७५ च्या विन्सेंटी पद्धतीने चपट्या गोलावर. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपासच राहतो, त्यावर वेळ घालवू नका. जास्त जपायचं ते मोजणी कुठून कुठे केली आहे याला. विमानतळाचा एक अधिकृत संदर्भबिंदू असतो, बहुधा धावपट्ट्यांच्या मध्याजवळ. त्याऐवजी शहराचा मध्य धरून मोजलं तर अंतर सहज २०-३० किलोमीटरने बदलतं. ४५३ किलोमीटरमध्ये ते एकवेळ चालून जाईल, १२० किलोमीटरच्या टप्प्यात नाही.

आणखी एक शंका बरेच जण विचारतात: विमान वर चढतं आणि खाली उतरतं, म्हणून अंतर वाढत नाही का? वाढतं, पण नगण्य. १७,००० फूट म्हणजे ५.२ किलोमीटर. तेवढं चढताना विमान जमिनीवरून मोजल्यास सुमारे १०५ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. या त्रिकोणाचा कर्ण पायापेक्षा जेमतेम १३० मीटरने मोठा. चढण्या-उतरण्याचा खरा परिणाम होतो तो वेळेवर.

आता वेळेकडे वळू. ३४ मिनिटं हा आकडा आला कुठून? ४५३ किलोमीटरला ताशी ८०० किलोमीटरने भागलं की ३४ मिनिटं येतात. अंतर दाखवणाऱ्या बऱ्याच साधनांमध्ये प्रत्येक जोडीसाठी मोठ्या जेट विमानाचा असा एकच वेग धरलेला असतो. त्या जोडीत प्रत्यक्षात कुठलं विमान उडतं, किंबहुना थेट विमान आहे की नाही, हेही त्यांना ठाऊक नसतं. प्रादेशिक मार्गांवर बहुतेक वेळा एटीआर ७२ सारखं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांवर चालणारं विमान असतं. त्याचा क्रूझचा, म्हणजे वर पोहोचल्यावर सपाट उडतानाचा वेग साधारण २७५ नॉट, म्हणजे ताशी ५१० किलोमीटर. २४४ ला २७५ ने भागा: ५३ मिनिटं. विमान बरोबर धरलं, भागाकारही बरोबर केला. पण या भागाकारात एक गृहीतक दडलेलं आहे: विमान पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत पूर्ण वेगात आणि सरळ रेषेत जातं. लांब पल्ल्यावर ही चूक सात-आठ तासांत विरघळून जाते. तासाभराच्या उड्डाणात मात्र चढण आणि उतरण मिळून निम्म्याहून जास्त वेळ खातात.

हेच उड्डाण तुकड्या-तुकड्याने पाहू. आधी सरळ रेषेवरची भर. विमान वाऱ्याच्या दिशेनुसार धावपट्टीच्या एका टोकाने उडतं, ठरवून दिलेल्या मार्गाने बाहेर पडतं, हवाई मार्गाला लागतं आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा ठरलेल्या मार्गाने आत येतं. वाटेत लष्करी क्षेत्र असेल तर वळसा, डोंगररांग असेल तर सुरक्षित उंचीचा मार्ग. या सगळ्यासाठी ८ टक्के धरू, २४४ चे २६४ सागरी मैल होतात. १७,००० फुटांपर्यंत चढायला एटीआरला अंदाजे १८ मिनिटं लागतात आणि चढणीचा सरासरी वेग २०० नॉटच्याही आत असतो, म्हणून तेवढ्यात जेमतेम ५७ सागरी मैल कापले जातात. उतरायला हजार फुटांमागे तीन सागरी मैल हा वैमानिकांचा जुना हिशोब: १७ गुणिले ३, म्हणजे ५१ मैल, वेळ १२ मिनिटं. शेवटच्या १० मैलांत चाकं बाहेर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) खाली, वेग १३० नॉटच्या आसपास. ती आणखी ५ मिनिटं. क्रूझसाठी उरले १४६ मैल, म्हणजे ३२ मिनिटं. बेरीज करा: १८, ३२, १२ आणि ५. चाकं जमिनीवरून उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत ६७ मिनिटं.

वेळापत्रकात मात्र हेही नसतं. विमान कंपनी ब्लॉक टाइम छापते, म्हणजे विमान उभ्या जागेवरून हललं त्या क्षणापासून दुसऱ्या टोकाला उभ्या जागेवर थांबलं त्या क्षणापर्यंत. आमच्या खोलीत प्रत्येक उड्डाणासाठी चार वेळा नोंदवल्या जातात: आउट, ऑफ, ऑन, इन. आउट म्हणजे ब्रेक सोडून जागेवरून निघालं, ऑफ म्हणजे हवेत गेलं, ऑन म्हणजे टेकलं, इन म्हणजे जागेवर लागलं. आधुनिक विमानं हे चार संदेश स्वतःच पाठवतात, ब्रेक, दरवाजे आणि चाकांवरच्या भाराच्या सेन्सरवरून. ऑफ ते ऑन ही हवेतली ६७ मिनिटं. आउट ते ऑफ ८ आणि ऑन ते इन ४ धरली की होतात ७९. वेळापत्रकात छापलेला १ तास २० मिनिटं हा आकडा इथून येतो. त्यात कंपनीने उगाच फुगवलेलं काही नाही.

टोकांचा प्रभाव किती असतो याची दोन उदाहरणं मला फार बोलकी वाटतात. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्टरे आणि पापा वेस्टरे यांच्यात लोगनएअरचं नियमित विमान उडतं. अंतर २.७ किलोमीटर, वेळापत्रकात वेळ २ मिनिटं. जगातलं सर्वांत छोटं नियमित प्रवासी उड्डाण म्हणून ते ओळखलं जातं आणि वारा पाठीशी असताना ते एका मिनिटाच्या आतही झालेलं आहे. आता २ मिनिटांचा भागाकार करा: सरासरी वेग येतो ताशी ८१ किलोमीटर. दुसरं उदाहरण जेटचं. २०१६ च्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या आल्टेनऱ्हाइनहून सरोवरापलीकडच्या जर्मनीतल्या फ्रीडरिशहाफेनला एम्ब्रेअर जेटची सेवा सुरू झाली होती. सुमारे २१ किलोमीटर, हवेत ८ मिनिटं. म्हणजे ताशी ८०० किलोमीटरच्या घरात जाऊ शकणारं विमान सरासरी १६० च्याही खाली. पुढच्याच वर्षी ती सेवा बंद झाली. इतक्या छोट्या टप्प्यावर विमानाचा वेग जवळजवळ गौण ठरतो.

आपल्या ४५३ किलोमीटरवर जेट ठेवलं तर? क्रूझचा वेग ४३० नॉट धरला तर तो एटीआरच्या दीडपटीहून जास्त. साधा भागाकार म्हणेल ३४ मिनिटं. प्रत्यक्षात ३०,००० फुटांपर्यंत चढण्यात १५ मिनिटं, उतरण आणि शेवटचा टप्पा मिळून २१, आणि पूर्ण वेगातल्या क्रूझला उरतात फक्त ११ मिनिटं. हवेत एकूण ४७. त्यात अनेक देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची वेगमर्यादा असते. ती एटीआरला जाणवतही नाही, जेटला मात्र दोन्ही टोकांना रोखून धरते. दीडपट वेगाच्या विमानाने उभ्या जागेपासून उभ्या जागेपर्यंत वाचतात ती २० मिनिटं. छोट्या मार्गांवर टर्बोप्रॉप का टिकून आहेत याचं मोठं उत्तर यातच आहे, कारण या २० मिनिटांसाठी जेट बरंच जास्त इंधन जाळतं.

प्रादेशिक विमानतळांचा स्वभाव मोठ्या विमानतळांपेक्षा वेगळा असतो, आणि अंदाज सर्वांत जास्त चुकतात ते इथेच. मोठ्या ठिकाणी वेळ जातो रांगेत. छोट्या ठिकाणी रांग नसते, पण बऱ्याचदा धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाने चालत जायचा रस्ताही नसतो. मग विमान एप्रनवरून, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवरून थेट धावपट्टीवर येतं, तिच्यावरूनच टोकापर्यंत चालत जातं, तिथे १८० अंशांत वळतं आणि मग उड्डाण घेतं. याला बॅकट्रॅक म्हणतात. दोन किलोमीटरची धावपट्टी २० नॉटने चालायला तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यात खरी गंमत अशी की तेवढा वेळ धावपट्टी अडलेली असते. समोरून एखादं विमान उतरायला येत असेल तर ते उतरेपर्यंत, मागे फिरून एप्रनवर लागेपर्यंत तुम्ही जागेवरच उभे. रिकाम्या दिसणाऱ्या विमानतळावर दहा मिनिटं कशी गेली हे प्रवाशाला खिडकीतून कळतच नाही.

उतरतानाही तसंच. रडार असलेल्या ठिकाणी कंट्रोलर विमानाला दिशा देत थेट अंतिम रेषेवर आणून सोडतो. रडार नसेल तर दोन विमानांमध्ये ठरावीक वेळेचं किंवा उंचीचं अंतर राखावं लागतं, आणि काही ठिकाणी पूर्ण पद्धत उडावी लागते: आधी विमानतळावरच्या बीकनच्या, म्हणजे दिशा दाखवणाऱ्या रेडिओ केंद्राच्या डोक्यावर यायचं, मग पाठ करून दूर जायचं, उतरत-उतरत वळायचं आणि पुन्हा धावपट्टीकडे तोंड करायचं. खाली धावपट्टी स्पष्ट दिसत असली, हवा स्वच्छ असली तर वैमानिक थेट मार्गाची परवानगी मागतो आणि हे सगळं टळतं. ढग खाली असले की सहा ते दहा मिनिटं गेलीच. शिवाय वाऱ्यामुळे कुठल्या टोकाने उतरायचं हे ठरतं. तुम्ही ज्या दिशेने येताय त्याच दिशेची धावपट्टी चालू असेल तर सरळ आत. उलटी चालू असेल तर बाजूने पुढे जाऊन, दोनदा वळून परत यायचं, म्हणजे १५-२० मैलांची भर. म्हणून एकाच क्रमांकाचं विमान एका दिवशी ६२ मिनिटांत उतरतं आणि दुसऱ्या दिवशी ७४ मिनिटांत, आणि दोन्ही दिवस वैमानिकाने काही वेगळं केलेलं नसतं.

जाण्या-येण्यातला फरक मुख्यतः वाऱ्याचा. विमान हवेच्या सापेक्ष उडतं आणि हवाच चालत असते, त्यामुळे जमिनीवरचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक किंवा उणे वारा. समोरून ३० नॉटचा वारा असेल तर आपल्या उदाहरणातली क्रूझची ३२ मिनिटं ३६ होतात. जेट प्रवाह बहुतेक करून ३०,००० फुटांच्या आसपास आणि वर वाहतात. एटीआर २५,००० फुटांच्या वर जात नाही, म्हणून लांब पल्ल्याच्या प्रवासात ऐकू येतो तसा तासाचा फरक इथे पडत नाही. पण मंद विमानाला त्याच वाऱ्याचा फटका प्रमाणाने जास्त बसतो.

जाताना गेलेला वेळ येताना भरून निघतो, हा समज मात्र सोडावा लागेल. ३०० मैलांचं अंतर, ३०० नॉटचं विमान, वारा ६० नॉट असं धरा. वारा नसता तर जाऊन-येऊन १२० मिनिटं. वाऱ्याविरुद्ध जाताना वेग २४०, लागतात ७५ मिनिटं. वाऱ्यासोबत येताना वेग ३६०, लागतात ५०. बेरीज १२५. तोट्याच्या वेगात विमान जास्त वेळ राहतं, फायद्याच्या वेगात कमी, म्हणून हिशोब कधीच पूर्ण फिटत नाही. अगदी बाजूचा वाराही थोडा वेळ खातो, कारण मार्गावर राहण्यासाठी नाक वाऱ्याकडे वळवून उडावं लागतं.

छापील वेळेबद्दल एक गोष्ट समजून घ्या. वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी ठरतं, तेव्हा त्या दिवसाचा वारा कुणालाच माहीत नसतो. कंपन्या आधीच्या हंगामातल्या प्रत्यक्ष नोंदी घेतात आणि बहुतेक उड्डाणं ज्यात बसतील असा आकडा निवडतात. अमेरिकेत छापील वेळेपासून १५ मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान सरकारी आकडेवारीत वेळेवर धरलं जातं, आणि अशा मोजमापांमुळे थोडी जास्त वेळ छापण्याकडे कल असतो. मला त्यात गैर वाटत नाही. अचूक ७९ छापून निम्म्या वेळा उशिरा पोहोचण्यापेक्षा ८५ छापून बहुतेकदा वेळेत पोहोचणं प्रवाशाच्या हिताचंच आहे. हंगाम बदलला की त्याच मार्गाची छापील वेळ पाच-दहा मिनिटांनी बदलते, तेही वाऱ्यामुळेच.

दोन्ही वेळा स्थानिक असतात, हेही ध्यानात ठेवा. दोन ठिकाणं वेगळ्या कालविभागांत असतील तर निघण्याची वेळ पोहोचण्याच्या वेळेतून थेट वजा करून चालत नाही. हे विभाग नेहमी पूर्ण तासांचे नसतात. भारत आणि नेपाळ यांच्यात १५ मिनिटांचा फरक आहे.

घाईत अंदाज हवा असेल तर मी हे करतो: सरळ अंतर भागिले त्या विमानाचा क्रूझचा वेग, अधिक साधारण २७ मिनिटं. आपल्या उदाहरणात ५३ अधिक २७, बरोबर ८०. जेटसाठी ३४ अधिक २७, म्हणजे तासाभराच्या जवळ. दोन्ही टोकं शांत असतील तर २७ ची २२ धरा, दुसरं टोक मोठं गजबजलेलं विमानतळ असेल तर ३५ किंवा ४०. या पद्धतीसाठी विमानाचा प्रकार माहीत असायला हवा. तो आरक्षण करताना उड्डाणाच्या तपशिलात बहुतेकदा दिलेला असतो.

सरळ अंतराचा आकडा अगदी निरुपयोगी आहे असं नाही. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमात उशीर आणि रद्द उड्डाणांची भरपाई अंतराच्या टप्प्यांवर ठरते, १५०० आणि ३५०० किलोमीटर, आणि ते अंतर ग्रेट सर्कल पद्धतीनेच मोजायचं असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. तिथे विमान प्रत्यक्षात किती फिरून गेलं हे कुणी विचारत नाही.

आता पुढचं विमान पकडण्याबद्दल. छापील पोहोचण्याची वेळ हाच पाया धरा, अंतरावरून काढलेला कोणताही आकडा नको. त्यानंतर त्या उड्डाण क्रमांकाच्या मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या प्रत्यक्ष वेळा पाहा. पाहताना नोंद कशाची आहे ते तपासा: ‘उतरलं’ म्हणजे चाकं टेकली, जागेवर लागायला अजून चार-पाच मिनिटं असतात आणि दार उघडायला त्याहून थोडी. सरासरीकडे बघू नका, सर्वांत वाईट तीन-चार दिवस बघा. त्या दिवशीसुद्धा पुढचं विमान मिळालं असतं का, हा खरा प्रश्न. तुमचं प्रादेशिक विमान मोठ्या, गर्दीच्या विमानतळाकडे जाणार असेल तर तिथली वाहतूक आवरण्यासाठी त्याला निघण्याआधीच छोट्या विमानतळावर रोखून ठेवलं जाऊ शकतं. युरोपात अशा वेळी उड्डाणाची नेमून दिलेली वेळ येते आणि तिच्या ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंतच विमानाला उडता येतं. ती खिडकी हुकली की नवी वेळ मागावी लागते.

दिवसाचं पहिलं विमान शक्यतो घ्या. टर्बोप्रॉप दिवसातून सहा-आठ टप्पे करतं आणि सकाळचा प्रत्येक उशीर संध्याकाळपर्यंत पुढे सरकत जातो. बऱ्याच प्रादेशिक विमानतळांना ठरावीक कामकाजाचे तास असतात, त्यामुळे संध्याकाळचं शेवटचं विमान फार लांबलं तर ते उशिरा पोहोचण्याऐवजी दुसऱ्याच विमानतळावर उतरतं किंवा रद्द होतं. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर हुकलेल्या जोडणीची जबाबदारी कंपनी घेते आणि पुढच्या विमानात जागा देते. वेगवेगळी तिकिटं असतील तर दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवा, उड्डाण ३४ मिनिटांचं दिसत असलं तरी.